पंप टाळला म्हणजे स्टिरॉइड टळले?

दम्यासाठी डॉक्टरांनी पंप लिहून दिला की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘यात स्टिरॉइड आहे का?’ होकार मिळाला की पंप कपाटात जातो. पंपाची सवय लागते, मुलांची उंची खुंटते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, असे आक्षेप सर्रास ऐकू येतात. ते अडाणीपणाचे म्हणून झटकता येणार नाहीत. स्टिरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षे खाऊन सुजलेले चेहरे आणि ठिसूळ झालेली हाडे लोकांनी पाहिली आहेत. पण गोळीचा दोष पंपाच्या माथी मारणे चूक आहे.

गोळी रक्तावाटे अंगभर फिरते. दम्याचा जोराचा झटका आला की प्रौढाला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत द्यावे लागते. पंपातले ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड थेट श्वासनलिकांत उतरते, म्हणून अनेकांना दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम पुरतात. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे वजनाची ही तुलना ढोबळच. तरी फरक केवढा आहे हे त्यातून कळते.

‘सवय लागते’ हा आक्षेप तर मुळातच उलटा आहे. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. पंप बंद केल्यावर त्रास परततो, कारण आजार तिथेच असतो. सवय लागते ती तात्पुरता आराम देणाऱ्या, स्टिरॉइड नसलेल्या साल्ब्युटामॉलच्या पंपाची : काही मिनिटांत छाती मोकळी, सूज मात्र जिथल्या तिथे. म्हणूनच दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘जीना’ने २०१९ पासून प्रौढांना आणि किशोरांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका, असे सांगितले. कॅनडातल्या सस्कॅचवानमधील रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात वापरलेल्या स्टिरॉइडच्या प्रत्येक जादा पंपामागे दम्याने होणाऱ्या मृत्यूंचा दर २१ टक्क्यांनी उतरत गेला.

उंचीच्या आक्षेपात तथ्य आहे आणि ते लपवू नये. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत मुलांना काही वर्षे रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड दिले. मोठेपणी त्यांची उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. ती घट सुरुवातीच्या एकदोन वर्षांतली होती, पुढे वाढत गेली नाही. रात्र रात्र धापा टाकणारे, शाळा बुडवणारे मूल एका पारड्यात आणि सव्वा सेंटिमीटर दुसऱ्यात घालून पालकांनीच ठरवावे.

खरा धोका वेगळाच आहे. पंपाला घाबरलेला रुग्ण झटका आला की सलाइन, इंजेक्शन आणि गोळ्यांवर जातो, किंवा दम्यावरचे ‘रामबाण’ चूर्ण आणतो. अशा काही चूर्णांत स्टिरॉइड गुपचूप मिसळलेले सापडले आहे. म्हणजे मायक्रोग्रॅम नाकारून तो मिलिग्रॅम पोटात घेतो!

पंप निर्धोक आहे असे मात्र मी म्हणणार नाही. तोंड येते, आवाज बसतो; त्यासाठी प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकावी, फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर (तोंड आणि पंप यांच्यामधली पोकळ नळी) लावावा. मोठा डोस वर्षानुवर्षे चालला तर हाडे, मोतीबिंदू आणि अधिवृक्क ग्रंथींकडे लक्ष ठेवावे लागते, आणि असा डोस एकाएकी थांबवणे धोक्याचे. दमा दोनतीन महिने आटोक्यात राहिला की डोस उतरवता येतो का, हे डॉक्टरांना विचारा. मुलाची उंची नियमित मोजून घ्या. पुढच्या भेटीत पंप सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर ओढून दाखवा.