आधी भट्टी, मग सुनावणी : वापरलेल्या अणुइंधनाचा प्रश्न आपण उलट क्रमाने का विचारतो?

१.
सोलापूरच्या दक्षिणेला भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा एक लेख आहे. मराठीतील सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांच्या संशोधनामुळे तो प्रकाशात आला. अवघ्या हजार वर्षांत लिपी बदलली, भाषेचे वळण बदलले, राजवटी आल्या आणि गेल्या. आपल्याच पूर्वजांनी कोरलेली अक्षरे वाचायला आपल्याला तज्ज्ञाची गरज भासते.

२.
आता याच कालगणनेत एक दुसरी वस्तू ठेवून पाहू. अणुभट्टीत तयार होणाऱ्या प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,००० वर्षे आहे. कुडलच्या लेखापासून आजवर जितका काळ लोटला, त्याच्या जवळजवळ चोवीस पट काळ गेल्यावर त्यातले निम्मे उरेल. हा वारसा कुठे ठेवायचा, हे ठरवताना भारतात लोकांना केव्हा आणि कसे विचारले गेले, हा आजच्या धाग्याचा विषय. माहितीबरोबर माझे मतही त्यात असेल, हे आधीच सांगतो.

३.
प्रथम थोडी ओळख. अणुभट्टीचे इंधन म्हणजे युरेनियम ऑक्साइडच्या छोट्या गोळ्या. त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात आणि नळ्यांचे जुडगे भट्टीत बसवतात. काही काळाने इंधन उपयोगाचे राहत नाही आणि बाहेर काढावे लागते. बाहेर काढले तरी ते शांत होत नाही. साखळी प्रक्रिया थांबलेली असते, पण किरणोत्सर्ग आणि उष्णता चालूच राहतात. म्हणून ते भट्टीलगतच्या खोल पाण्याच्या तलावात काही वर्षे बुडवून ठेवतात. पाणी त्याला थंड ठेवते आणि किरणांना अडवते.

४.
तलावाची जागा मर्यादित असते. तो भरू लागला की तीन वाटा उरतात. भट्टीपासून वेगळे साठवणकेंद्र बांधणे. पुनर्प्रक्रिया करून प्लुटोनियम आणि युरेनियम वेगळे काढणे. किंवा भूगर्भात खोलवर कायमचे पुरणे. भारताचे अधिकृत धोरण पुनर्प्रक्रियेचे आहे. त्यामुळे आपल्या सरकारी भाषेत वापरलेले इंधन हा कचरा नसून साधनसंपत्ती ठरते. मात्र पुनर्प्रक्रियेनंतरही अतितीव्र किरणोत्सारी अवशेष उरतातच. ते काचेत गोठवून सांभाळावे लागतात.

५.
आता इतिहास. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरसाठी तीस वर्षांचा करार झाला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने भट्ट्या उभारल्या आणि १९६९ मध्ये भारतातील पहिले अणुवीज केंद्र तेव्हाच्या ठाणे, आजच्या पालघर जिल्ह्यात सुरू झाले. त्या काळी जनसुनावणी नावाची गोष्ट कायद्यात नव्हती. मच्छीमार, वाडीवाले, शेतकरी यांना काही विचारावे, अशी अपेक्षाही कोणी ठेवली नव्हती.

६.
करारात एक कलम मात्र होते. अमेरिकेकडून आलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया करायची, तर दोन्ही देशांची संमती हवी. १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला. १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसार रोखणारा कायदा केला. त्यानंतर इंधनाचा पुरवठा अडखळला आणि पुनर्प्रक्रियेची संमतीही मिळेना. १९८२ च्या तडजोडीनुसार फ्रान्सने इंधन पुरवण्याचे मान्य केले, म्हणून भट्ट्या चालू राहिल्या.

७.
परिणाम काय झाला? नवे इंधन येत राहिले आणि जुने बाहेर जाईना. तारापूरच्या तलावांत अधिक दाटीवाटीने मांडणी करावी लागली, पुढे भट्टीबाहेर स्वतंत्र साठवणकेंद्र उभारावे लागले. करार १९९३ मध्ये संपला. इंधन काही करारासोबत संपले नाही. वॉशिंग्टन आणि दिल्ली यांच्या वादाचा साठा कोकणच्या किनाऱ्यावर साचला. किनाऱ्यावरच्या माणसाला या सगळ्यात एकदाही मत विचारले गेले नाही.

८.
दुसरा प्रसंग तमिळनाडूतील कुडनकुलमचा. नोव्हेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी आणि गोर्बाचेव्ह यांच्या काळात करार झाला, तेव्हा वापरलेले इंधन सोव्हिएत संघ परत नेणार, असे ठरले होते. १९८९ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. मग सोव्हिएत संघच विसर्जित झाला. १९९८ च्या पूरक करारानंतर इंधन भारतातच राहणार, हे नक्की झाले. ज्या गृहीतकावर लोकांनी आणि शासनाने प्रकल्पाकडे पाहिले होते, ते गृहीतकच बदलले. पहिल्या दोन भट्ट्यांसाठी तेव्हाही जनसुनावणी झाली नाही, कारण मंजुरी सुनावणीच्या नियमापूर्वीची होती.

९.
हा नियम केव्हा आला? पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची पहिली अधिसूचना २७ जानेवारी १९९४ ची. जनसुनावणी बंधनकारक झाली १९९७ मध्ये. आज लागू असलेली मूळ अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची. तिच्यानुसार सुनावणी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात. किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत असावा लागतो. कामकाजाचे चित्रीकरण होते. उपस्थितीच्या गणसंख्येची अट नाही.

१०.
आता पुन्हा कुडनकुलम. ६ मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला, पण काही निर्देशही दिले. भट्टीबाहेरचे साठवणकेंद्र लवकरात लवकर उभारा आणि कायमच्या भूगर्भीय साठ्याच्या दिशेने पावले उचला, हे त्यांतले दोन. त्याच वर्षी जुलैत पहिली भट्टी क्रियाशील झाली. साठवणकेंद्राची मुदत पाळली गेली नाही. २०१८ मध्ये न्यायालयाकडून ती वाढवून घ्यावी लागली. अखेर १० जुलै २०१९ रोजी तिरुनेलवेली जिल्ह्यातील राधापुरम येथे साठवणकेंद्राची जनसुनावणी जाहीर झाली. विरोध उसळला आणि ती पुढे ढकलली गेली.

११.
इथे माझा मुख्य मुद्दा येतो. समजा, राधापुरमची सुनावणी झाली असती आणि सगळा गाव एकमुखाने ‘नको’ म्हणाला असता, तर काय झाले असते? भट्टी सहा वर्षे चालू होती. इंधन तलावात होते आणि रोज त्यात भर पडत होती. ते कुठेतरी ठेवावेच लागणार होते. अशा वेळी लोकांपुढे निवड उरत नाही. जिथे ‘नाही’ म्हणण्याला अर्थ नसतो, तिथे ‘होय’लाही किंमत राहत नाही. वापरलेल्या इंधनाची सुनावणी भट्टी पेटण्याआधी, भट्टीच्याच सुनावणीत झाली पाहिजे.

१२.
मग आपल्याकडे, महाराष्ट्रात, सुनावणी आधी झाली तेव्हा काय घडले? जैतापूर. राजापूर तालुक्यातील माडबन परिसरात प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. नागपूरच्या ‘नीरी’ने पर्यावरणीय अहवाल तयार केला आणि १६ मे २०१० रोजी माडबनला जनसुनावणी झाली. भूसंपादनाची प्रक्रिया तोवर बरीच पुढे गेली होती. अहवाल मराठीत वेळेवर हाती आला नाही, ही ग्रामस्थांची ठळक तक्रार होती.

१३.
टीकाकारांचा आणखी एक आक्षेप होता : वापरलेले इंधन आणि किरणोत्सारी कचरा यांच्या दीर्घकालीन व्यवस्थेचा अहवालात पुरेसा विचार नाही. २८ नोव्हेंबर २०१० रोजी जयराम रमेश यांच्या मंत्रालयाने ३५ अटींसह मंजुरी दिली. काही दिवसांतच फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले आणि फ्रेंच कंपनीशी प्राथमिक करार झाले. दौऱ्याची तारीख ठरलेली असताना आक्षेपांना सावकाश उत्तरे मिळतील, असा विश्वास राजापूरच्या माणसाने कशाच्या बळावर बाळगावा?

१४.
कायमच्या साठ्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कोलारच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणींचे नाव पुढे आले. कर्नाटकात संताप उसळला आणि तसा काही बेत नसल्याचा खुलासा शासनाला करावा लागला. कोलारच्या रहिवाशांना आपल्या गावाचे नाव घेतले गेल्याचे बातम्यांतून कळले. जागा आधी उच्चारायची आणि माणसे नंतर आठवायची, ही सवय तारापूरपासूनची आहे.

१५.
कोणी विचारेल, सोलापूरकराने यात का पडावे? आपल्याकडे ना समुद्र, ना अणुभट्टी. उत्तर विजेच्या तारांत आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी एकरूप झाले. भारताचे एकच राष्ट्रीय वीजजाळे झाले ते या वाहिनीमुळे. त्या दिवसापासून तारापूर आणि कुडनकुलम यांची वीज ज्या एका जाळ्यात मिसळते, त्याच जाळ्यावर सोलापूरचे यंत्रमाग चालतात. वीज आपली आणि इंधन फक्त त्यांचे, असा हिशेब लागत नाही.

१६.
सोलापूरला अवशेषांचा प्रश्न अपरिचितही नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीजवळ १,३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. कोळसा जळतो आणि राख उरते. राख डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर बोलणे होते. वापरलेले अणुइंधन भिंतीआड, पाण्याखाली असते. ते आकारमानाने फार थोडे, म्हणून नजरेआड करणे सोपे जाते.

१७.
दुसरी बाजूही न्याय्यपणे मांडली पाहिजे. अणुऊर्जेचे समर्थक म्हणतात की कोळशाचा धूर दर वर्षी माणसे मारतो, तर वापरलेले इंधन नीट बंदिस्त ठेवता येते. यात तथ्य आहे. सुनावणीत अनेकदा भीतीच बोलते, हेही खरे. शिवाय सुरक्षेमुळे काही तपशील उघड करता येत नाहीत. अधिसूचनेतच राष्ट्रीय सुरक्षेच्या आणि सामरिक महत्त्वाच्या प्रकल्पांना लोकसल्लामसलतीतून सूट देण्याची तरतूद आहे. पण साठा किती वर्षांचा, खर्च कोणाचा, पुढचा मुक्काम कुठे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी कोणत्या शत्रूचा फायदा होतो?

१८.
लोकांना खरा अधिकार दिला तर काम अडते, हा समजही तपासून पाहावा. फिनलंडच्या १९८७ च्या अणुऊर्जा कायद्याने स्थानिक नगरपालिकेला नकाराधिकार दिला. भट्ट्या तिथेही आधीच सुरू झाल्या होत्या, पण १९८३ मध्येच सरकारने साठ्याची जागा निवडण्याचे वेळापत्रक ठरवले होते. जानेवारी २००० मध्ये एउरायोकी नगरपालिकेने होकार दिला, २००१ मध्ये संसदेने मान्यता दिली आणि २००४ पासून ‘ओन्कालो’चे खोदकाम सुरू झाले. उलट अमेरिकेच्या काँग्रेसने १९८७ मध्ये नेवाडा राज्यातील युक्का पर्वताचे नाव परस्पर निश्चित केले. राज्याने विरोध केला, अब्जावधी डॉलर खर्च झाले आणि तिथे इंधनाची एक नळीही पोहोचलेली नाही.

१९.
म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, कोणत्याही अणुभट्टीच्या पर्यावरणीय अहवालात वापरलेल्या इंधनाचे स्वतंत्र प्रकरण असावे : तलाव किती वर्षांत भरेल आणि त्यानंतर काय. दोन, सारांशच नव्हे, तर पूर्ण अहवाल मराठीत, सुनावणीच्या किमान तीस दिवस आधी गावात मिळावा. तीन, मंजुरीनंतर इंधनाची व्यवस्था बदलली, जशी कुडनकुलमची बदलली, तर सुनावणी नव्याने व्हावी. चार, भूसंपादन सुनावणीच्या पुढे धावू नये.

२०.
आणि एक गोष्ट आपल्या हातातली. २००६ च्या अधिसूचनेत लोकसल्लामसलतीचे दोन भाग आहेत. सुनावणी स्थानिक बाधितांसाठी असते. पण ज्यांचा विषयाशी सयुक्तिक संबंध आहे, अशा इतरांकडून लेखी मतेही मागवली जातात. जैतापूर, तारापूर किंवा अन्यत्र अशी सूचना निघाली, तर सोलापुरात बसूनही पत्र लिहिता येते. इतिहासाच्या अभ्यासकाने लिहिलेल्या पत्राला विशेष वजन असते, कारण मागच्या करारांत काय ठरले होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे त्याला तारखांसह सांगता येते.

२१.
पत्रात एकच प्रश्न असला तरी चालेल : तलाव भरल्यावर हे इंधन कुठे जाणार, आणि त्या जागेच्या लोकांना तुम्ही कधी विचारणार आहात? उत्तर लेखी मागा आणि जपून ठेवा.

धागा येथे संपला. मतभेद असतील तर अवश्य मांडा. तारखेत चूक आढळली तर जरूर दाखवा.