वंशावळ : कोणाची हौस, कोणाचा पुरावा

बारावीचा निकाल लागला आणि अभियांत्रिकी, वैद्यकीय यांसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशाची धावपळ सुरू झाली, की नंदुरबार जिल्ह्यातील असंख्य घरांत एक निराळेच संशोधन आरंभते. पणजोबांचे नाव काय होते? त्यांना भाऊ किती? त्यांपैकी कोणी शाळेत गेला होता काय? ओट्यावर बसलेल्या वृद्ध आजीला हे प्रश्न विचारले जातात, आणि ती जे सांगेल ते वहीच्या पानावर उतरवून मुलगा तहसील कचेरीची वाट धरतो. जातप्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी अर्जासोबत शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते. ती नुसती देऊन भागत नाही. तिच्यातील प्रत्येक नात्याला कागदाचा आधार लागतो.

आपल्या पूर्वजांचा शोध घेणे हा सुखवस्तू समाजात एक आदरणीय छंद मानला जातो. मराठीत त्याची परंपरा मोठी आहे. कोकणस्थ घराण्यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून एकामागून एक कुलवृत्तांत छापले. त्यांत मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, शाखा, स्थलांतरे, नोकऱ्या-चाकऱ्या यांची बारकाईने नोंद केली. त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यान् पिढ्यांची नावे सापडतात. शेजारच्या गुजरातेत वहीवंचा बारोट यजमानांच्या घरी जाऊन वंशाच्या वह्या वाचीत आणि नव्या जन्मांची भर घालीत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत. त्यांच्या आयुष्याची अखेर १९२६ साली धुळ्यात झाली आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. नंदुरबार हा १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता. परंतु राजवाड्यांना जी दप्तरे मिळाली, ती ज्यांच्या घरी दप्तर होते त्यांचीच. वतन, इनाम, देशमुखी, जोशीपण यांचे तंटे ज्यांना लढवायचे होते, त्यांनी कागद जपले. वंशावळ हे मुळात मालमत्तेचे अपत्य आहे; कुळाचा अभिमान तिला नंतर चिकटला.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे सातपुड्यातील अडचणीचे मूळ दिसू लागते. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, गावित असे हे समाज. अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील पुष्कळ गावे दीर्घकाळ वनगावे होती. जेथे महसुली मोजणी झाली नाही तेथे सातबारा नाही, सातबारा नाही म्हणून फेरफार नाही, आणि फेरफार नाही म्हणून मयत खातेदाराची वारस नोंदही नाही. सरकारने माणसाचे नाव लिहिले ते बहुधा शेतसारा वसूल करण्यासाठी. ज्याच्याकडून सारा यायचा नव्हता, त्याचे नाव लिहिण्याचे कारणही सरकारला उरले नव्हते.

दुसरा आधार शाळेचा. पडताळणीत शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीतील जातीच्या नोंदीला मोठे वजन आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली आनंद विरुद्ध तपासणी समिती या प्रकरणात स्वातंत्र्यपूर्व काळातील कागदपत्रांचे पुरावामूल्य अधिक असते असे सांगितले, आणि ते तर्काला धरूनच आहे. सवलती नव्हत्या तेव्हा खोटी जात लिहून घेण्यात कोणाला रस असणार? पण १९५० पूर्वीचा शाळेचा दाखला सादर करण्यासाठी आजोबा वा पणजोबा १९५० पूर्वी शाळेत गेलेले असावे लागतात. नंदुरबार, शहादा, नवापूर यांसारख्या सडकेलगतच्या गावांत असे आजोबा मिळतील. धडगावपलीकडच्या पाड्यांवर आजही कित्येक घरांत शाळेची पायरी चढणारी पहिली पिढी नुकती कोठे महाविद्यालयात पोहोचते आहे. म्हणजे ज्या कुटुंबाचे आदिवासीपण कोणाही शेजाऱ्याच्या दृष्टीने निर्विवाद, त्याच कुटुंबाची कागदांची चवड सर्वांत तोकडी! अशांचे अर्ज फेटाळलेच जातात असे नव्हे. परंतु कागद अपुरे म्हणून प्रकरण दक्षता पथकाकडे जाते, गृहचौकशी होते, चालीरीतींविषयी प्रश्न विचारले जातात, आणि तोवर प्रवेशाची मुदत दाराशी येऊन उभी राहते.

तिसरा आधार गाव नमुना १४ चा, म्हणजे गावपातळीवरील जन्ममृत्यूच्या नोंदींचा. लोक त्याला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. हा दस्तऐवज अमोल आहे, पण त्याचा लेखनिक कोण होता हे विसरून चालणार नाही. भिलोरी वा पावरी बोलणाऱ्या माणसाचे नाव मराठी लिहिणारा कारकून आपल्या कानाला ऐकू आले तसे लिही. वारावरून वा सणावरून ठेवलेली बुध्या, सुकऱ्या, दिवाल्या अशी नावे एकेका गावात चार-चार माणसांची. आडनावाच्या जागी कोणाच्या नावापुढे नुसते ‘भिल’, कोणाच्या पुढे बापाचे नाव, तर कोणाच्या पुढे कुळाचे. मग एकाच आजोबांची दोन मुले कागदोपत्री दोन आडनावांची होतात, आणि ती सख्खी भावंडे असल्याचे तिसऱ्या पिढीला सिद्ध करत बसावे लागते.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पडताळणीची यंत्रणा उगाच उभी राहिलेली नाही. राखीव जागा नामसाधर्म्याच्या आधारे बळकावल्या जातात ही आदिवासी समाजाचीच जुनी तक्रार आहे, आणि ती निराधार नाही. १९९४ साली कुमारी माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तपासणी समित्या व दक्षता पथके यांची चौकट घालून दिली. महाराष्ट्राचा कायदा २००१ च्या ऑक्टोबरात अमलात आला. २०१७ साली त्याच न्यायालयाने दावा खोटा ठरल्यास मिळालेले लाभही टिकणार नाहीत असा निर्वाळा दिला. हे सर्व खऱ्या आदिवासीच्या रक्षणासाठी. प्रश्न एवढाच, की या रक्षणाचा खर्च कोणी उचलायचा? कायद्याच्या आठव्या कलमाने पुराव्याचा भार दावेदारावर टाकला आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हा व्यवहारखर्च होय, आणि तो उत्पन्नाच्या उलट प्रमाणात पडतो. नोकरदाराचा मुलगा वडिलांचे वैधता प्रमाणपत्र जोडतो आणि मोकळा होतो. मजुराच्या मुलाला तालुक्याला चार खेपा, दर खेपेस बुडालेली मजुरी, नकलांचे शुल्क, शपथपत्र, आणि कचेरीबाहेर बसलेल्या मध्यस्थाची दक्षिणा, इतके सोसावे लागते. राखीव जागेचा लाभ कागदावर दोघांना सारखा. त्याची किंमत मात्र सारखी नाही.

पुरावा म्हणजे कागदच, असे शासनही सर्वत्र मानीत नाही, ही यातील सर्वांत उद्बोधक बाब. वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे नियम १ जानेवारी २००८ चे. त्या नियमांतील तेराव्या नियमात पुराव्यांची जी यादी आहे, तीत विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने यांसारख्या पारंपरिक खुणा आहेत; जुन्या नोंदींतील किंवा गावचे रहिवासी म्हणून मान्यता असलेल्या पूर्वजांपर्यंत जाणारी वंशावळ आहे; आणि दावेदार सोडून गावातील अन्य वृद्धांचे लेखी उतरवलेले निवेदनही आहे. ग्रामसभेसमोर हा पुरावा येतो आणि शेजारीच त्याची शहानिशा करतात. एकाच राज्यात, एकाच जिल्ह्यात, एकाच घरातील बापाची जमीन म्हाताऱ्यांच्या साक्षीचा आधार घेऊन सिद्ध होऊ शकते, आणि मुलाच्या प्रवेशासाठी मात्र तीच म्हातारी माणसे अपुरी ठरतात. या विसंगतीचे समाधानकारक उत्तर कोणत्याही खात्याने दिलेले नाही.

वंशावळीचा हिशेब किती महत्त्वाचा असतो हे नर्मदाकाठच्या लोकांना फार आधी कळले. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील जी ३३ गावे बाधित झाली ती सर्व या जिल्ह्यातली. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानले होते. तेव्हा घरात मुलगे किती, आणि ठरलेल्या दिवशी त्यांपैकी सज्ञान किती, यावर पुनर्वसनाचे मोजमाप ठरणार होते. ज्या गावांत जन्माची नोंद नियमाने झालीच नव्हती, तेथे वय कशाने सिद्ध करायचे?

जगात इतरत्र काय घडले ते पाहणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेत अलेक्स हेली यांचे ‘रूट्स’ १९७६ साली प्रसिद्ध झाले, पुढच्याच वर्षी त्यावरील मालिका दूरचित्रवाणीवर आली आणि वंशशोधाची लाट उसळली. परंतु त्या देशातील कृष्णवर्णीय कुटुंबांचा शोध बहुधा १८७० पाशी येऊन थबकतो. कारण त्या वर्षीच्या जनगणनेपूर्वी गुलामांची गणती मालकाच्या नावाखाली वय आणि लिंग एवढ्यानेच होई, नाव लिहीत नसत. दप्तराबाहेर ठेवलेला माणूस वंशवृक्षाबाहेरही पडतो, मग तो मिसिसिपीच्या काठचा असो वा नर्मदेच्या. मात्र तेथील सरकार व्यक्तिनिहाय जनगणनापत्रके ७२ वर्षांनी खुली करते. १९५० ची पत्रके १ एप्रिल २०२२ रोजी कोणालाही पाहता आली. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याचे पंधरावे कलम ही पत्रके पाहण्याची मुभाही देत नाही आणि ती पुराव्यात ग्राह्यही धरीत नाही. गोपनीयता योग्यच, पण पाऊणशे वर्षांनंतर ती कोणासाठी राखायची याचा विचार व्हायला हरकत नसावी.

आसामचे उदाहरण याहून जवळचे आणि अधिक कठोर. तेथील नागरिक नोंदणीत प्रत्येकाला २४ मार्च १९७१ पर्यंतच्या कागदांतील पूर्वजाशी आपले नाते जुळवून दाखवावे लागले, आणि नातलगांनी वेगवेगळ्या दिलेल्या वंशावळी परस्परांशी ताडून पाहण्यात आल्या. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांवर माणसे वगळली गेली. विवाहित स्त्रियांची तेथे विशेष कुचंबणा झाली. मुलीचे लग्न लवकर झाले, शाळा नाही, जन्मदाखला नाही. तेव्हा ‘अमक्याची मुलगी’ हे सांगणारा कागद म्हणजे पंचायतीचा दाखला, आणि तोही ग्राह्य की नाही याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

आपल्या वंशावळींतही स्त्री अशीच हरवलेली आहे. पडताळणी पितृकुळाची होते, म्हणून लेकीच्या नावापुढे रेघ थांबते आणि सुनेचे नाव येतच नाही. विवाहित स्त्रीला नोकरीसाठी माहेरचे कागद मागण्यास भावाच्या दारी जावे लागते. वस्तुतः वंशावळ सांगणारी बहुधा आजीच असते. कोणाचे लग्न कोठे झाले, कोणत्या दुष्काळात कोण गाव सोडून गेला, हे तिलाच आठवते. परंतु तिने सांगितलेल्या झाडात ती स्वतः कोठेच नसते. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिण्याचा निर्णय राज्याने घेतला. त्याचा उपयोग पुढील पिढ्यांना होईल. मागच्या पिढ्यांतील आजींसाठी वहीच उघडावी लागेल.

न्यायालयाने आपल्यापरीने वाट थोडी रुंद केली आहे. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या प्रकरणात चालीरीतींची परीक्षा ही निर्णायक कसोटी नव्हे असे सांगितले, आणि वडील किंवा पितृकुळातील रक्ताचे नातेवाईक यांना रीतसर चौकशीनंतर मिळालेल्या वैधतेचा आधार अर्जदार घेऊ शकतो हेही स्पष्ट केले. एवढ्याने कुटुंबातील पहिल्या माणसाची पायपीट मात्र चुकत नाही. त्याच्या मागून येणाऱ्यांची कमी होते. म्हणून पहिल्या माणसाचा खर्च हा सार्वजनिक खर्च मानणे न्याय्य ठरेल. एका घराची वंशावळ एकदा नीट प्रस्थापित झाली की तिचा लाभ पुढील कित्येक अर्जांना मिळतो, आणि समितीचाही वेळ वाचतो. अशा सामायिक लाभाच्या वस्तूचा भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात बसणारे नाही.

महाविद्यालयांना येथे करण्यासारखे काम आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून छापील पुस्तकांतील उतारे नकलून आणायला सांगण्यापेक्षा, सुट्टीत घरी जाऊन आजी-आजोबांकडून चार पिढ्यांची नावे, सासर-माहेरची गावे आणि स्थलांतरे लिहून आणायला सांगावे. नावाची जितकी रूपे घरात व कागदात आढळतील तितकी सर्व नोंदवावीत, आणि ग्रामसभेत ती वाचून दाखवावीत. यात वशिलेबाजी शिरेल, गावातील दोन घरांचे वैर उमटेल, हे खरे. वनहक्काच्या दाव्यांतही ते उमटलेच. पण ऐंशी वर्षांची स्मृती फार दिवस वाट पाहत नाही.

शासनाला तर हे काम अशक्य म्हणता येणार नाही, कारण त्याने ते नुकतेच केले आहे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली. त्यावेळी जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांनी स्वतः जुनी दप्तरे उघडली, मोडी वाचणारी माणसे बोलावली, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची रजिस्टरे, महसुली कागद तपासले आणि सापडलेल्या नोंदींच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या. पुरावा शोधण्याचा भार त्या वेळी दावेदाराकडून सरकारने आपल्याकडे घेतला, तो आंदोलनाच्या रेट्यामुळे घेतला ही गोष्ट वेगळी. त्याच नोंदवह्यांत, त्याच पानांवर, कुणबी या शब्दाच्या खालच्या-वरच्या ओळींत भिल्ल, कोकणा, मावची अशाही नोंदी आहेत. पाने उलटणाऱ्याला त्या दिसल्या असणार. त्या उतरवून घेण्याचे आदेश मात्र त्याच्याजवळ नव्हते.