साहेब, नावाची पाटी कुठे आहे?

खराडीकरांनो,

ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्याला स्वतंत्र पोलीस ठाणं मिळालं. ठाणं जवळ आलं, विश्वास आला का?

पोलिसांचं नाव वर्तमानपत्रं खराब करतात, असं म्हणणारे पुष्कळ. साफ चूक! 19 मे 2024 ला कल्याणीनगरात पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध बाल न्याय मंडळाने लिहायला सांगितला, पोलिसांनी नव्हे. पण घटना वरिष्ठांना वेळेत न कळवल्याबद्दल येरवडा ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले. ते काही संपादकांनी केलं नव्हतं.

मग 26 जुलै 2025 ची रात्र. कारगिल विजय दिन. चंदननगरात, कारगिलमध्ये लढलेल्या एका जवानाच्या नातेवाइकांच्या घरात जमाव घुसला, नागरिकत्वाचे पुरावे मागू लागला, सोबत साध्या वेशातले पोलीस होते, असा कुटुंबाचा आरोप. जमाव आमच्याबरोबर नव्हता, असं पोलिसांचं म्हणणं. अंगावर वर्दी आणि छातीवर नाव असतं, तर कोण पोलीस आणि कोण जमाव हे दारातच कळलं असतं.

त्यानंतर काही तासांत खराडीतल्या फ्लॅटवर छापा, माजी मंत्री एकनाथ खडसेंच्या जावयांना अटक. दोषी कोण ते कोर्ट ठरवेल. पण झडतीचं चित्रीकरण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवा, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 105 सांगतं. छाप्याची दृश्यं चॅनेलांवर कशी फिरली? खडसेंनी हे विचारलं ते राजकारण असेलही. आम्हीही तेच विचारतो.

निकाल विरोधात गेला तरी वागणूक सरळ असेल तर माणूस कायदा मानतो, हे मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागोतल्या लोकांशी बोलून 1990 साली मांडलं. ठाण्यात ‘अर्ज ठेवून जा, बघू’ ऐकून परतलेल्याला ते शिकवावं लागत नाही.

आम्ही नवं काही मागत नाही. अटक आणि चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर स्पष्ट नावपट्टी हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितलं. दखलपात्र गुन्ह्याचा एफआयआर घ्यावाच लागतो, हे 2013 मध्ये. ठाण्यात कॅमेरे हवेत, हे 2020 मध्ये. आता खराडी आणि चंदननगर ठाण्यांनी दर महिन्याला बाहेरच्या फलकावर लिहावं: तक्रारी किती आल्या, एफआयआर किती झाले, कॅमेरे किती चालू आहेत.

तोवर ठाण्यात एकट्याने जाऊ नका. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती हातात पडेपर्यंत उठू नका.