थंडी पहाटेची, पँट दुपारची

पुण्यात थंडीची चाहूल लागली की पारा किती उतरला याची चर्चा सुरू होते. १७ जानेवारी १९३५ रोजी शहरात नोंदल्या गेलेल्या १.७ अंश सेल्सिअस या नीचांकाची उजळणी होते, शेकोट्यांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि स्वेटर विक्रेते रस्त्याच्या कडेला दुकाने मांडतात. या चर्चेत एक मोठा वर्ग मात्र सहसा दिसत नाही. हिंजवडीतील कंपन्यांच्या फाटकावर रात्रपाळी करणारा सुरक्षारक्षक, माण-मारुंजीच्या इमारतींवर काँक्रीट ओतणारा मजूर, वीटभट्टीवर पहाटेच चिखल मळायला बसणारे कुटुंब, उसाच्या फडात उजाडण्यापूर्वी शिरणारी तोडणी कामगारांची टोळी आणि मध्यरात्री पार्सल पोहोचवणारा दुचाकीस्वार, या साऱ्यांसाठी थंडी हा कामाचा भाग आहे. त्यांनी हिवाळ्यात कामावर कोणती पँट घालावी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. तथापि, ती पँट कोणी द्यावी असे विचारताच हा प्रश्न पोशाखाचा न राहता कामगारांच्या आरोग्याचा आणि मालकाच्या जबाबदारीचा होतो.

थंडी कमी, फरक मोठा

मुळशी तालुक्यातील थंडी हिमालयातील थंडीसारखी नाही. तिची अडचण वेगळी आहे. पुणे परिसरात जानेवारीत किमान तापमान सरासरी ११ अंशांच्या आसपास, तर कमाल तापमान ३० अंशांच्या आसपास असते. म्हणजे एकाच दिवसात अठरा-एकोणीस अंशांचा फरक. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, डोंगरउतारावरची गार, जड हवा खोऱ्यात उतरून साचते आणि नदीकाठच्या व धरणाच्या भागात पहाटे दव व धुके पडते. त्यामुळे शहराच्या मध्यभागातील नोंदीपेक्षा मोकळ्या खोऱ्यातील पहाट अधिक बोचरी असू शकते.

हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असेल आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी घसरले असेल, तर थंडीची लाट मानली जाते. जिथे सरासरीच ११ अंश आहे, तिथे पारा नऊवर आला तरी ती लाट ठरत नाही. साहजिकच इशारा नाही, बातमी नाही आणि खबरदारीही नाही. मात्र त्या नऊ अंशांत प्लास्टिकच्या खुर्चीवर बारा तास बसून राहणाऱ्या रखवालदाराच्या गुडघ्यांना निकषांशी काही देणेघेणे नसते.

थंडीपासूनचा आपला सारा बचाव कमरेच्या वर केंद्रित झालेला आहे. स्वेटर, जॅकेट, कानटोपी, मफलर बाजारात सहज मिळतात, दानधर्मातही तेच वाटले जाते. पायांसाठी वेगळे काही लागते हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. मावळपट्ट्यातील जुन्या पोशाखात अंगावरची घोंगडी बसल्यावर गुडघ्यांनाही झाकत असे. भातशेतीच्या चिखलासाठी पाय उघडे ठेवणाऱ्या शेतकऱ्याची थंडीतील सोय तिने केलेली होती. घोंगडी गेली, तिच्या जागी कमरेपर्यंतचे जॅकेट आले आणि पाय मात्र पातळ पँटच्या भरवशावर राहिले.

कामाप्रमाणे कापड

उघड्यावरच्या कामासाठी पँट निवडताना ‘जितकी जाड तितकी चांगली’ हा समज मुळशीच्या हवेत उपयोगाचा नाही. पहाटे ऊब देणारी जाड लोकरी पँट अकरा वाजता असह्य होते. घामाने भिजलेले कापड अंगावरच राहिले, तर संध्याकाळी तेच गारठा वाढवते. म्हणून येथे दोन थरांचा मार्ग अधिक शहाणपणाचा ठरतो. आत अंगाला बसणारा, घाम टिपून लवकर वाळणारा थर्मलचा लेंगा आणि बाहेर वारा अडवणारी, घट्ट विणीची, थोडी सैल पँट. दोन्हींच्या मध्ये अडकलेली हवाच खरी ऊब देते. ऊन वाढले की आतला थर काढता यायला हवा आणि तो काढण्यासाठी आडोसाही हवा. कामाच्या ठिकाणी कपडे बदलण्याची खोली असणे हा या दृष्टीने पँटच्या निवडीचाच भाग ठरतो.

बाहेरच्या थरासाठी सुती आणि पॉलिस्टर यांच्या मिश्रणाचे ड्रिल कापड बहुतेक कामांना चालते. चौरस मीटरमागे २४० ते २८० ग्रॅम वजनाचे ड्रिल घर्षणाला टिकते आणि दुपारी फार जडही होत नाही. शुद्ध सुती कापड अंगाला सुखद असते, पण ते पाणी धरून ठेवते आणि दवात भिजल्यावर त्याची ऊब संपते. उलट जिथे ठिणगी, ज्वाला किंवा विजेच्या तारांशी संबंध येतो, तिथे निव्वळ कृत्रिम धाग्याचे कापड धोक्याचे, कारण ते वितळून कातडीला चिकटते. वेल्डर आणि लाइनमन यांच्यासाठी जाड सुती किंवा अग्निरोधक कापडच योग्य होय, आणि हा नियम आतल्या लेंग्यालाही लागू होतो.

काँक्रीटचे काम करणाऱ्याचा प्रश्न आणखी निराळा. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. त्यात गुडघे टेकून काम करताना पँट भिजली की कातडी भाजल्यासारखी होते आणि हे बऱ्याच उशिरा लक्षात येते. अशा मजुराला गुडघ्यावर पाणी न शिरणारा जोड असलेली पँट आणि रबरी बूट हवेत. पँटचे पाय बुटांच्या आत न खोचता बाहेर ठेवावेत, म्हणजे चिखल बुटात उतरत नाही. वीटभट्टीवर तासन् तास उकिडवे बसावे लागते. तिथे पँटचे आसन प्रशस्त हवे. पाश्चात्त्य धाटणीची तंग पँट उकिडवे बसताच कमरेत उतरते, पाठीचा खालचा भाग उघडा पडतो किंवा शिवण उसवते. जुन्या विजारीला दोन पायांच्या मध्ये जोडपट्टी असे, ती याच कारणासाठी.

दुचाकीवरून माल पोहोचवणाऱ्याला वाऱ्याचा मार गुडघ्यांवर आणि मांड्यांवर बसतो. त्याला पुढच्या बाजूने वारा न शिरणारे कापड पुरते, मागची बाजू हलकी असली तरी चालते. रात्री रस्त्यावर असणाऱ्या प्रत्येकाच्या पोटरीवर चकाकणारी पट्टी हवी. जॅकेटवरील पट्टी दिसते, पण हलणारे पाय पाहून समोर माणूस आहे हे वाहनचालकाला लवकर उमगते. धुक्यातल्या पौड रस्त्यावर हा फरक जीव वाचवू शकतो.

जीन्सचा उलटा प्रवास

प्रत्यक्षात यांतील बहुतेकांच्या अंगावर जुनी जीन्स असते. जीन्सचा जन्मच कष्टकऱ्यांसाठी झाला हे येथे नमूद करायला हवे. नेव्हाडातील रेनो येथील जेकब डेव्हिस या शिंप्याने मजुरांच्या पँटचे खिसे फाटू नयेत म्हणून त्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले, आणि कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांच्यासह २० मे १८७३ रोजी त्याचे पेटंट मिळवले. पुढे हे कापड महाविद्यालयीन फॅशन बनले. आज तीच जीन्स शहरी घरांतून टाकली जाऊन जुन्या कपड्यांच्या बाजारातून पुन्हा मजुराकडे येते. पण परत येते ती फॅशनची जीन्स: तंग, ताणली जाणारी, कमरेला खाली बसणारी. टिकाऊपणाचे नाव तिच्यापाशी उरले आहे, कामाची घडण उरलेली नाही. शिवाय डेनिम एकदा भिजले की वाळायला वेळ लागतो. दवाने भरलेल्या शेतात ती सकाळभर पायांना गार चिकटून राहते.

स्त्री कामगारांबाबत तर ‘कामाची पँट’ ही कल्पनाच अस्तित्वात नसल्यासारखी आहे. कासारसाई-दारुंब्रे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात काय किंवा राज्यातील इतर कारखान्यांच्या फडात काय, ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रिया साडीवर पुरुषी शर्ट चढवतात. उसाच्या पात्याची धार हातांना लागू नये, हा त्यामागचा हेतू. पायांसाठी तशी सोय नाही. दवाने भिजलेला साडीचा काठ पोटऱ्यांना गार चिकटतो, पाते कापते आणि फडातल्या सापांची भीती असतेच. सैल, घोट्यापाशी नाडीने आवळता येणारी पँट साडीखाली किंवा कुडत्याखाली घालता येईल, पण बाजारात कामाच्या पँट पुरुषांच्या मापाने शिवलेल्या असतात.

नियम काय सांगतात

खासगी सुरक्षारक्षकांच्या गणवेशाविषयी केंद्राच्या २००६ च्या आदर्श नियमांत पुष्कळ तपशील होता. बिल्ला, शिट्टी, नाडीचे बूट आणि डोक्यावरील टोपी यांचा त्यात उल्लेख होता. कपडे फार तंग किंवा फार सैल नसावेत, हातपाय वाकवताना अडथळा होऊ नये, असेही त्यात म्हटले होते. विचार नेमका होता, पण तो चपळाईचा होता, उबेचा नव्हता. बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्यानुसार उपकर गोळा होत असे आणि राज्याच्या कल्याणकारी मंडळाने सुरक्षा संचही वाटले. त्यात हेल्मेट, बूट, चकाकणारे जॅकेट अशा वस्तू आल्या. डोके, पाऊल आणि छाती यांचा विचार झाला. कंबर ते घोटा हा भाग कामगाराच्या खासगी अखत्यारीत राहिला.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता लागू झाल्याने हा विषय नव्याने मांडण्याची संधी आली आहे. कारखाने, कंत्राटी कामगार, बांधकाम मजूर यांच्यासह तेरा कायदे एकत्र करणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कामाची जागा आरोग्याला अपायकारक नसावी ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. सुरक्षा आणि आरोग्यासाठी केलेल्या तरतुदीचा खर्च कामगाराकडून वसूल करता येणार नाही, हेही तिच्यात आहे. सुरक्षेची मानके ठरवण्याचा अधिकार केंद्राला आहे. मात्र ही संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. छोटी वीटभट्टी, शेतमजूर आणि सोसायटीने थेट नेमलेला एकटा रखवालदार तिच्या बाहेर पडतात. पार्सलवाल्या मुलांना सामाजिक सुरक्षा संहितेने ओळख दिली, पण त्यांच्या गुडघ्यांवरच्या वाऱ्याची जबाबदारी कोणाची हे त्यातून ठरत नाही.

इतर देशांनी याची दोन वेगळी उत्तरे दिली आहेत. ब्रिटनच्या १९९२ च्या नियमांत हवामानापासून रक्षण करणारे कपडे हे संरक्षक साधनच मानले आहेत, ते मालकाने विनामूल्य द्यायचे आहेत, आणि एप्रिल २०२२ पासून हा हक्क तात्पुरत्या कामगारांनाही मिळाला. अमेरिकेच्या २००७ च्या नियमाने मात्र निव्वळ हवामानापासून रक्षण करणाऱ्या नेहमीच्या कपड्यांचा खर्च मालकावर टाकलेला नाही. युरोपीय मानकांत तर कडाक्याच्या थंडीचे आणि सौम्य गारठ्याचे कपडे असे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. आपल्या हवामानाला यातील दुसरा वर्ग अधिक जवळचा आहे. गारठा सौम्य असला तरी त्याची दखल मानकात घेता येते, हे त्यावरून स्पष्ट होते.

पैसे मालकाचे, निवड कामगाराची

यावर ठेकेदारांचा आक्षेप ठरलेला असतो: थंडी दोन-तीन महिन्यांची, कामगार दोन महिन्यांत सोडून जातो, मग खर्च कशासाठी? या आक्षेपात काही तथ्य आहे. पण बाहेरची पँट वर्षभर वापरात राहते, हिवाळ्याचा म्हणून वाढणारा खर्च आतल्या एका लेंग्याचा असतो. गारठ्याने आखडलेले पाय शिडीवर, मचाणावर अडखळतात, त्याची किंमत याहून पुष्कळ अधिक असते. कामगाराच्या बाजूने पाहिले तर चांगली पँट म्हणजे जवळपास दिवसभराची मजुरी. म्हणूनच तो ती घेत नाही आणि जुन्या जीन्सवर हिवाळा काढतो.

केवळ वाटप करून हा प्रश्न सुटणार नाही. एकाच मापाचे गठ्ठे आणून फोटो काढले की त्या पँट गावी जातात किंवा विकल्या जातात. खर्च मालकाने करावा, पण माप, धाटणी आणि स्त्रियांसाठीचा वेगळा नमुना कामगारांना विचारून ठरवावा. गणवेशनिर्मितीसाठी ओळखले जाणारे सोलापूर राज्यातच आहे. महापालिका, ग्रामपंचायती आणि हिंजवडीतील कंपन्या यांनी सुरक्षा व स्वच्छतेच्या निविदांत ‘हिवाळी पँट व आतील थर’ ही एक ओळ घातली, तर मागणी आपोआप निर्माण होईल. बावधन, सूस, म्हाळुंगेतील गृहनिर्माण सोसायट्यांना तर निविदेचीही गरज नाही. व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत रखवालदाराच्या गणवेशाचा विषय घेतला आणि त्याचे पैसे त्याच्या पगारातून कापले जात नाहीत ना, एवढे विचारले तरी सुरुवात होईल.

हेल्मेटही एकेकाळी मजुराची खासगी बाब मानली जात होती. ती मालकाची जबाबदारी आहे हे कायद्याने मान्य केले, तेव्हा कुठे ते बांधकामांवर दिसू लागले. पहाटे चारच्या गारठ्यात फाटक सांभाळणाऱ्या माणसाच्या पायांबाबतही तोच न्याय लावायला हरकत नसावी.