घंटागाडी गावात आली, पण कचरा जातो कुठे?

एकेकाळी घंटागाडी ही शहराची गोष्ट होती. आता आपल्या वऱ्हाडातल्या कितीतरी गावांतही सकाळी भोंगा वाजतो, तीनचाकी गाडी गल्लीत थांबते आणि बाया बकेट घेऊन बाहेर येतात. 2014 मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनचा सुरुवातीचा भर संडास बांधण्यावर होता. 2020 मध्ये ग्रामीण भागासाठी दुसरा टप्पा आला, तेव्हा घनकचरा आणि सांडपाणी हे विषय पुढे आले. त्या पैशातून आणि वित्त आयोगाच्या निधीतून गावोगावी गाड्या आल्या. चांगलंच झालं. पण मैत्रिणींनो, ही गाडी आपल्या दारावरून पुढे गेली की कचऱ्याचं काय होतं, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारलं आहे?

बऱ्याच गावांत उत्तर अगदी सोपं असतं. गावाबाहेर ई-क्लासच्या जमिनीवर किंवा नाल्याच्या काठाला गाडी रिकामी होते. घरासमोरचा कचरा गावाच्या टोकाला गेला, एवढंच. त्याच ई-क्लासवर आपली ढोरं चरतात. भाजीच्या देठांसोबत पन्नी पोटात जाते आणि गाय खात नाही, फुगली म्हणून आपण डॉक्टरांना बोलावतो. पावसाळ्यात तोच कचरा नाल्यातून नदीला लागतो, नाहीतर कुणी पेटवून देतो आणि धूर पुन्हा आपल्याच घरात येतो.

पूर्वी गावात कचरा नव्हता असं नाही. पण तो उकिरड्यावर जायचा आणि शेणासोबत कुजून उन्हाळ्यात खत होऊन वावरात पडायचा. पऱ्हाटी आणि तुराट्या चुलीत जायच्या, कुटार गोठ्यात, राख भांड्यांना, जुनी लुगडी गोधडीत. मोडकं लोखंड भंगारवाला न्यायचा आणि जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडं द्यायची. आज ज्याला आपण रिसायकलिंग म्हणतो, ते आपल्या सासवा, आज्या नाव न घेता करत होत्या. उकिरडा तोच आहे, त्यात पडणाऱ्या वस्तू बदलल्या. शाम्पूच्या पुड्या, कुरकुऱ्यांची पाकिटं, खर्र्याच्या पन्न्या, डायपर. यातलं काहीच कुजत नाही. बाटली आणि पुठ्ठा भंगारवाला घेतो, पण चकचकीत पाकिटाला कुणी एक पैसा देत नाही. राज्याने 2018 मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली, केंद्राने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर घातली. तरी आठवडी बाजारातून पन्नी काही गेली नाही, हे आपण दर आठवड्याला पाहतोच. त्या पन्न्या खतासोबत वावरात जातात आणि वखराच्या पासेला अडकतात.

आता पैशाचा हिशेब पाहू, कारण गाडी का बंद पडते ते त्यात कळतं. दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत तरतूद होती. म्हणजे 2000 वस्तीच्या गावाला 1 लाख 20 हजार. हा एकदाच मिळणारा पैसा. त्यात गाडी येईल किंवा खताचे खड्डे होतील, पण गाडी चालवणाऱ्याचा दर महिन्याचा पगार त्यातून निघत नाही. तो ग्रामपंचायतीला आपल्या वसुलीतून किंवा वित्त आयोगाच्या पैशातून काढावा लागतो. वसुली थकली की पगार थकतो आणि गाडी पंचायतीच्या शेडमध्ये उभी राहते. प्लॅस्टिकसाठी तालुक्याला एक केंद्र, त्याला 16 लाखांपर्यंत मदत, अशीही तरतूद होती. पण गावातून प्लॅस्टिक वेगळं होऊन आलंच नाही, तर तालुक्याचं केंद्र काय करणार?

वेगळं करण्याचं हे काम घरात कोण करतं, ते सांगायला नको. त्यात आता भर पडली आहे. 2016 चे घनकचरा नियम मुख्यतः शहरांसाठी होते. केंद्राने 2026 मध्ये आणलेल्या नव्या नियमांत ग्रामपंचायतीही आल्या आहेत आणि 1 एप्रिल 2026 ही ते लागू होण्याची तारीख आहे. त्यात कचऱ्याचे चार भाग सांगितले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घेण्याचा. पहिले दोन आपल्याला माहीत आहेत. खरा प्रश्न पुढच्या दोन्हींचा आहे आणि गावात त्यावर बोललंच जात नाही.

सॅनिटरी पॅडचं घ्या. 2018 मध्ये राज्याने अस्मिता योजना आणली आणि जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना 8 पॅडचं पाकीट 5 रुपयांत दिलं. बचत गटाच्या बायांनी ते विकलं. मुलींची सोय झाली, शाळा बुडणं टळलं. पण वापरलेलं पॅड टाकायचं कुठे, हे त्यांना कोण सांगणार? गाडीवर बहुधा गावातलाच ओळखीचा पोरगा असतो. त्याच्यासमोर बकेटात पॅड टाकायचं कसं? मग ते काळ्या पन्नीत बांधून अंधार पडल्यावर नाल्यात, नाहीतर संडासाच्या खड्ड्यात. "सांगाव त कोणाले, वं?" असं गटाच्या बैठकीत बायाच म्हणतात. पुण्यात कचरावेचक महिलांच्या 'स्वच्छ' संस्थेने यावर साधा उपाय काढला. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उचलणाऱ्या बाईला उघडून पाहावं लागत नाही. हे आपल्या गावातही बिनखर्चाने होऊ शकतं. गाडीला झाकणाचा वेगळा डबा आणि शक्य तिथे गाडीवर बचत गटाची बाई, एवढं झालं तरी पोरींचा अर्धा संकोच जाईल. पुढे ते पॅड जाळायचं की पुरायचं, याची व्यवस्था मात्र पंचायतीनेच केली पाहिजे.

दुसरा प्रश्न फवारणीच्या रिकाम्या डब्यांचा. आपला भाग कपाशीचा. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तरीही चांगला मजबूत डबा म्हणून तो धुऊन घरात वापरणारे आहेत. मैत्रिणींनो, हा डबा कितीही धुतला तरी घरात घेऊ नका. त्याला भोकं पाडा आणि वेगळा ठेवा. चौथा भाग म्हणतात तो हाच.

राहिला ओला कचरा. त्याचा मार्ग तर आपल्याच भागातून निघाला आहे. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी विटांचं हवेशीर टाकं बनवून खत करण्याची पद्धत दिली, तिलाच आपण 'नाडेप' म्हणतो. साधारण 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच टाकं, त्यात पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर. तीन-चार महिन्यांत खत तयार. हे ज्या घरी होतं तिथे गाडीत ओला कचरा द्यायचं कारणच उरत नाही.

हे सगळं करायला हवं, कारण शहरांनी काय केलं ते डोळ्यांसमोर आहे. अमरावतीचा कचरा वर्षानुवर्षे सुकळीला आणि अकोल्याचा नायगावला पडत आला. शहर स्वच्छ दिसावं म्हणून तिथल्या लोकांनी वास आणि धूर सोसला. गावागावात अशी छोटी सुकळी झाली, तर आपला कचरा सोसायला दुसरं गाव मिळणार नाही.

शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावात पाऊल ठेवताच झाडू हातात घेतला. त्यांच्या नावाचं स्वच्छता अभियान 2000 मध्ये निघालं, गावांना बक्षिसं मिळाली. तेव्हाही पहाटे झाडू मारायला बाया पुढे होत्या आणि निर्णय घ्यायला पुरुष. आज अर्ध्या जागा आपल्या आहेत. कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते, मात्र कितीतरी गावांत ती रजिस्टरवर सह्या घेऊनच संपते. पुढच्या वेळी सही करण्याआधी सरपंचताईंना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या पूर्वीच्या ग्रामसेवकांना, तीन प्रश्न विचारा. गाडी कुठे रिकामी होते? गाडीवाल्याचा वर्षाचा पगार कुठून येणार? पॅड आणि विषारी डब्यांसाठी वेगळा डबा कधी लागणार? उत्तरं ठरावात लिहून घ्या. मग सही करा.