पहिली वेलांटी की दुसरी?

मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे पहिली वेलांटी की दुसरी, हा प्रश्न मला अजूनही पडतो. (हा लेखसुद्धा रूममेटने दोनदा तपासून दिलाय!) पण हा प्रश्न कधी कोणाच्या धंद्याच्या आड येईल, असं मात्र वाटलं नव्हतं.

माझ्या मामाचं कोल्हापुरात चपलांचं दुकान आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला वेबसाइट करून दिली. फोटो, किमती, वर शोधायची चौकट, सगळं कसं झोकात! मामाने मोठ्या हौसेने टाइप केलं, ‘कोल्हापूरी चपल’. उत्तर आलं, ‘काहीही सापडले नाही’. दुकानात भिंतभर चपला टांगलेल्या, आणि साइट म्हणते काहीच नाही!

मी ऐटीत म्हटलं, “मामा, तू चुकीचं टाइप केलंस. ‘कोल्हापूर’ दीर्घ, पण ‘कोल्हापुरी’ ऱ्हस्व. आणि चप्पलमध्ये जोडाक्षर आहे.”

मामा म्हणाला, “गिऱ्हाइकाला शुद्धलेखन येत न्हाई म्हणून त्याला पायताण विकायचं न्हाई व्हय?”

मी गप्प. कारण तो नियम मलाही आदल्याच दिवशी कळला होता!

हॉस्टेलवर परतल्यावर एका ‘एक्स्पर्ट’ने सल्ला दिला, “सोप्पं आहे. सगळी चुकीची स्पेलिंग्ज पानावर टाकून दे. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे दिसणारही नाहीत.” मित्रांनो, असा सल्ला आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलाय. माझं स्पष्ट मत आहे की तो साफ चुकीचा आहे.

एक तर असा लपवलेला मजकूर गूगलच्या नियमांत बसत नाही. पकडला गेला तर साइट मागे पडते किंवा यादीतून गायबच होते. तेच शब्द कीवर्ड्सच्या मेटा टॅगमध्ये कोंबायचे म्हणाल, तर वेब सर्चमध्ये क्रम ठरवताना आपण तो टॅग बघतच नाही, हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केलंय. आणि उघडपणे चुकीचं लिहिलं, तर गिऱ्हाईक म्हणणार, यांना स्वतःच्या मालाचं नावही लिहिता येत नाही!

शिवाय ते काम सर्च इंजिन आधीच करतं. रोज येणाऱ्या दर 10 शोधांपैकी 1 चुकीच्या स्पेलिंगचा असतो, असं गूगलने 2020 मध्ये सांगितलं होतं. म्हणजे चुकणारे आपण एकटे नाही! एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, हे मोजायची रीत लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने 1965 मध्ये मांडली. ‘कोल्हापूरी’ आणि ‘कोल्हापुरी’ यांतलं अंतर फक्त 1. ‘चपल’ आणि ‘चप्पल’ यांतलं 2, कारण युनिकोडमध्ये पाय मोडायची खूण वेगळी मोजतात. पीटर नॉर्विग यांनी 2007 मध्ये असा स्पेलिंग दुरुस्त करणारा छोटासा प्रोग्राम लिहून दाखवला होता. दोन-अडीच डझन ओळीसुद्धा नाहीत. आपलं एखादं सबमिशन याहून मोठं असतं!

मग खरी अडचण कुठे आहे? आपण स्वतः बनवलेल्या त्या शोधायच्या चौकटीत. तिथे गूगल मदतीला येत नाही. मी लिहिलेला कोड अक्षर न् अक्षर जुळलं तरच उत्तर देत होता. चूक मामाची नव्हती, माझी होती.

म्हणून मी तीन गोष्टी केल्या. शोधताना ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आतल्या आत काढून टाकला आणि एक-दोन अक्षरांची चूक चालवून घेतली. पानावर मात्र शुद्धच लिहिलं. दुसरं, ‘पायताण’ हा शब्द उघडपणे पानावर घातला. ती काही चूक नाही, कोल्हापूरची बोली आहे! तिसरं म्हणजे, ज्या शब्दांना काहीच सापडलं नाही त्यांची नोंद ठेवली. ती यादी वाचली की लोकांना काय हवंय ते कळतं.

अर्थात, मशीनने फार शहाणपणाही करू नये. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. अशा वेळी गुपचूप शब्द बदलण्यापेक्षा दोन्ही उत्तरं दाखवून विचारावं. माणसांच्या नावांना तर हातच लावू नये.

कोणी म्हणेल, अशाने लोक शुद्ध लिहायला कधी शिकणार? शिकावं, जरूर शिकावं. मीही शिकतेय. पण ती शिकवणी वर्गात असावी, दुकानाच्या दारात नको. आज मामाच्या साइटवर चपला शोधणारा उद्या शिष्यवृत्तीचा किंवा पीकविम्याचा अर्ज शोधत असेल. एका वेलांटीपायी ‘काहीही सापडले नाही’ वाचून तो निघून गेला, तर नुकसान चपलेपेक्षा फार मोठं आहे.

तेव्हा प्रोजेक्टमध्ये शोधायची चौकट असेल, तर सबमिशनच्या आधी एकदा मुद्दाम चुकीचं टाइप करून बघा. आणि या लेखात माझी एखादी वेलांटी चुकली असेलच, तर लाल पेन काढण्याआधी एवढंच विचारा, “तुम्हाला असं म्हणायचं होतं का?”