सॉफ्टवेअर निवडताना आधी बाहेर पडायचा खर्च विचारा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी दोन विषय एकत्र घेतले: सर्व्हर व्हर्च्युअलायझेशनचे प्लॅटफॉर्म आणि परदेशात माणूस नेमून देणारे प्लॅटफॉर्म. काहींनी लगेच विचारलं, "सर, यांचा एकमेकांशी काय संबंध?" वीस मिनिटांत सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

संबंध असा, की दोन्हीकडे तुम्ही धंद्याचा पाया भाड्यानं घेता. एकीकडे तुमचं अकाउंटिंग, ईआरपी आणि ड्रॉइंग्ज ज्या थरावर चालतात तो थर, दुसरीकडे तुमच्या माणसाचा पगार आणि करार. आणि दोन्हीकडे आपण निवड करतो ती फीचर्सपुढच्या हिरव्या टिकांचा तक्ता बघून. माझं स्पष्ट मत आहे, की छोट्या उद्योजकानं तो तक्ता सगळ्यात शेवटी बघावा. आधी तीन गोष्टी बघाव्यात: पैसे कशावर मोजतात, अडचणीच्या वेळी फोन कोण उचलतं आणि सोडून जायचं ठरवलं तर काय लागतं.

आधी माझी चूक

दोन वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका ओळखीच्या उद्योजकानं विचारलं, "सर, रिन्यूअल जवळ आलंय. फुकटवाल्यावर जाऊ का?" एक सर्व्हर, त्यावर चार व्हर्च्युअल मशीन. मी दोन उत्पादनांची तुलना केली आणि म्हटलं, बिनधास्त जा. रविवारी सगळं हलवलं. सोमवारी सकाळी चारही मशीन सुरू, पण सीएनसीचे प्रोग्रॅम बनवायचं सॉफ्टवेअर काही उघडेना. त्याचं लायसन्स एका यूएसबी डोंगलवर होतं. तो डोंगल सर्व्हरच्या मागे वर्षानुवर्षं खोचलेला, आणि नव्या सेटअपमध्ये तो त्या व्हर्च्युअल मशीनला जोडून द्यायला हवा हे कुणाच्या लक्षात नाही. ज्यानं मूळ सेटअप केला होता तो नोकरी सोडून गेलेला. दीड दिवस दोन मशीन उभ्या राहिल्या, एक डिस्पॅच चुकला.

सॉफ्टवेअरचा दोष काही नव्हता. दोष माझा. मी "सर्व्हरच्या मागे काय काय खोचलंय?" हा साधा प्रश्न विचारला नव्हता. तेव्हापासून मी तुलना उलट्या बाजूनं करतो.

सर्व्हरचं गणित

व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एकाच लोखंडी सर्व्हरवर अनेक स्वतंत्र संगणक चालवणं. या क्षेत्रात व्हीएमवेअर हे नाव वर्षानुवर्षं पहिलं होतं. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमनं ती कंपनी घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद करून सगळं सबस्क्रिप्शनवर आणलं. उत्पादन चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पैसे कशावर मोजतात ते बघा. मोजणी प्रोसेसरच्या कोअरवर होते आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरले जातात. तुमच्या सर्व्हरमध्ये ८ कोअरचे दोन प्रोसेसर असतील तर आहेत १६ कोअर, पैसे मात्र ३२चे. मोठ्या डेटा सेंटरला हे जाणवत नाही. दहा-पंधरा माणसांच्या युनिटला जाणवतं.

मग सगळे प्रॉक्समॉक्सचं नाव घेतात. व्हिएन्नाच्या कंपनीचं, २००८पासून असलेलं, डेबियन लिनक्सवर उभं असलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. वापरायला पैसे नाहीत. सपोर्ट आणि जास्त तपासलेले अपडेट्स हवे असतील तर प्रोसेसर सॉकेटमागे वार्षिक सबस्क्रिप्शन. व्हीएमवेअरवरच्या मशीन थेट ओढून घ्यायची सोयही त्यांनी २०२४मध्ये दिली. मला ते आवडतं. पण "फुकट" या शब्दावर दोन गोष्टी सांगतो.

एक, प्लॅटफॉर्म फुकट झाला म्हणून आतलं विंडोज फुकट होत नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये सर्व्हरचे सगळे कोअर, निदान १६, लायसन्स केल्यावर दोनच व्हर्च्युअल मशीनचा हक्क मिळतो. तिसरी हवी असेल तर सगळे कोअर पुन्हा मोजायचे. हे प्रॉक्समॉक्सवरही लागू आहे. तेव्हा ज्यांच्याकडे दोन-तीन विंडोज मशीनच आहेत त्यांनी हायपर-व्हीचा विचार जरूर करावा. ते विंडोज सर्व्हरसोबतच येतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत आणि ते जाणणारा माणूस तालुक्याच्या गावीही मिळतो.

दोन, लिनक्स येणारा माणूस तुमच्या आसपास आहे का? पैसे वाचवून पुण्याहून माणूस येईपर्यंत कारखाना बंद ठेवायचा असेल तर ती बचत कसली?

माणसाचं गणित

आता दुसरा विषय. इचलकरंजीपासून नाशिकपर्यंत बरेच जण मला विचारतात, "जर्मनीत विक्रीसाठी एक माणूस हवाय. तिथे कंपनी काढणं परवडत नाही. काय करू?" इथे डील, रिमोट, ऑयस्टर यांसारखे प्लॅटफॉर्म येतात. त्यांच्या सेवेला एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड म्हणतात. म्हणजे कागदावर मालक ते, काम तुमचं. डीलचा जाहीर दर माणसामागे महिना ५९९ डॉलरपासून सुरू होतो, म्हणजे पन्नास हजार रुपयांच्या वर. हे पगाराच्या वर. शिवाय जर्मनीत मालकाचा सामाजिक विम्याचा वाटा पगाराच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका येतो, तोही तुमच्याच बिलात. आणि परदेशी सेवा म्हणून इकडे रिव्हर्स चार्जनं जीएसटी. तुमचा सीए हे सगळं मांडून दाखवेल, त्याला आधीच बसवा.

हे ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग फ्रीलान्सर म्हणून दाखवून महिन्याला पैसे पाठवले तर?" मंडळी, हे करू नका. तो माणूस फक्त तुमचंच काम करतो, तुम्ही ठरवलेल्या वेळेत करतो, सुट्टी तुम्हाला विचारून घेतो, तर तो नोकरदारच आहे. कराराच्या वर काय शीर्षक लिहिलंय याला तिथला कायदा विचारत नाही. मागची विमा वर्गणी तुमच्याकडून वसूल होऊ शकते. खरोखर चार ग्राहकांचं काम करणारा स्वतंत्र माणूस असेल तर गोष्ट वेगळी.

पण ईओआर घेतलं म्हणजे सुटलो, असंही नाही. जर्मनीत ही व्यवस्था माणूस भाड्यानं देण्याच्या कायद्याखाली येऊ शकते आणि त्यात एका माणसाला एकाच ठिकाणी ठेवायची मुदत साधारणपणे १८ महिने आहे. एकोणिसाव्या महिन्यात काय करायचं, हे पहिल्या महिन्यात विचारायला हवं. तसंच तुमचा विक्रेता तिथे नियमित करार पक्के करायला लागला, तर तुमचंच तिथे कायम आस्थापन आहे असं कर खातं म्हणू शकतं. प्लॅटफॉर्म पगार देतो, हा धोका उचलत नाही.

दोन्हीकडे विचारायचे प्रश्न

डेमो सुरू व्हायच्या आधी हे विचारा आणि उत्तरं ईमेलवर मागा:

१. पैसे कशावर मोजता? कोअर, सॉकेट, माणूस? किमान किती धरता?
२. पुढच्या वर्षी दर किती वाढू शकतो? करारात मर्यादा आहे का?
३. अनामत लागते का? चलन बदलताना किती कापता?
४. रात्री अडलं तर फोन कोण उचलतं? त्या देशात तुमची स्वतःची कंपनी आहे की दुसऱ्याकडून काम करून घेता?
५. सोडून जायचं तर काय घेऊन जाता येतं? सर्व्हरच्या बाबतीत डिस्कच्या फाइल आणि बॅकअप, माणसाच्या बाबतीत नोटीस, साठलेली रजा आणि त्यानं केलेल्या कामाचे हक्क.

पाचव्या प्रश्नाला जो विक्रेता सरळ उत्तर देतो, त्याच्याशी पुढे बोला. जो "आधी डेमो तर बघा" म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्या.

कुणी म्हणेल, "लग्नाआधीच घटस्फोटाची बोलणी कशाला?" धंद्यात ती करावीच लागते. आपण शेडचा भाडेकरार करताना नोटीस पिरियड वाचतोच ना? मग जिथे सगळा हिशेब ठेवलाय आणि ज्याच्या नावावर आपला माणूस नोकरी करतोय, तो करार न वाचता सही कशी करतो?

मी यातल्या कुणाकडूनही कमिशन घेत नाही. माझा सल्ला इतकाच: सध्याचं नीट चालत असेल तर दुसऱ्यानं बदललं म्हणून बदलू नका. बदलायचंच असेल तर आधी एक मशीन किंवा एक माणूस, आणि तीन महिने थांबा.

या शनिवारी एक काम करा. सर्व्हरच्या मागे जा आणि काय काय खोचलंय त्याचा फोटो काढून ठेवा. पाच मिनिटं लागतील. भोसरीत आम्हाला दीड दिवस लागला होता.